बर्फावरची आढी

टोरोंटोच्या एक्झिबिशन प्लेसमधलं कोलिझियम मुळात गुराढोरांच्या प्रदर्शनासाठी बांधलेलं. त्याला शंभर वर्षं होऊन गेली. आजही दर नोव्हेंबरात तिथे शेतकी प्रदर्शन भरतं, घोडे-गायी येतात, आणि तेवढे दिवस तिथला यजमान आइस हॉकी संघ, टोरोंटो मार्लीज, गाशा गुंडाळून परगावी खेळायला जातो. मी मूळचा सांगलीचा, बर्फाशी माझा संबंध उसाच्या रसापुरता. पण मिसिसॉगात पंधरा हिवाळे काढल्यावर रविवारी दुपारच्या मार्लीज सामन्याची सवय लागली. तिकीट परवडतं, काचेजवळ जागा मिळते, आणि समोरची पोरं अजून पुरती घडलेली नसतात. ती घडताना बघायला मला आवडतं.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. मार्लीजचा विशीतला एक बचावपटू पक घेऊन मधल्या पट्ट्यातून निघाला. निळ्या रेषेवर समोरच्याने काठी घालून पक काढून घेतला आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच आमच्यावर गोल. पोरगा बाकावर येऊन मान खाली घालून बसला. आता याला उरलेला सामना बसवणार, असं मी धरून चाललो. दीडेक मिनिटाने प्रशिक्षकाने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि त्यालाच पुन्हा उतरवलं. दुसऱ्या सत्रात त्याने तोच उद्योग केला आणि पक पुन्हा गमावला. गोल झाला नाही एवढंच. तिसऱ्या सत्रात परत निघाला. या वेळी रेषेच्या दोन हात अलीकडे त्याने मान वर केली, डावीकडे पास दिला आणि स्वतः मोकळ्या जागेत सरकला. त्यातून गोल वगैरे काही निघालं नाही, कोणी टाळ्याही वाजवल्या नाहीत. पण मी तिकिटाचे पैसे दिले होते ते त्या पाससाठी, असं मला घरी येताना वाटत राहिलं.

सर्वांत वरच्या लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, हाच मुलगा पहिल्या चुकीनंतर बाकावरून सामना बघत बसला असता. तिथला प्रशिक्षक दुष्ट असतो असं नाही. त्याची नोकरी पुढच्या दहा सामन्यांच्या निकालावर टांगलेली असते, आणि शिकाऊ पोराच्या प्रयोगांचा खर्च तो स्वतःच्या खिशातून का करील?

माझं म्हणणं एवढंच, की होतकरू खेळाडू कोणत्या पायरीवर उभा आहे याची चर्चा फार होते आणि त्याला बर्फावर किती मिनिटं मिळतात, त्या मिनिटांत चुकायची मुभा आहे की नाही, याची फार कमी. क्लबच्या चालकांना हे कळत नाही असं अजिबात नाही. पण पोराला कुठे ठेवायचं हे पुष्कळदा त्याच्या खेळावरून ठरत नाही, करारातल्या कलमांवरून ठरतं. मग त्या कलमांना ‘विकास’ असं गोंडस नाव मिळतं.

आधी ही शिडी कशी आहे ते सांगतो. सर्वांत वर एनएचएल, ३२ संघ. त्याखाली अमेरिकन हॉकी लीग, म्हणजे एएचएल. १९३६ पासून चालू आहे, तिथेही ३२ संघ, प्रत्येक संघ एकेका एनएचएल क्लबशी जोडलेला. त्याला इथे ‘फार्म टीम’ म्हणतात. गुरांच्या प्रदर्शनाच्या इमारतीत फार्म टीम, हा योगायोग मला दर वेळी गमतीचा वाटतो. त्याही खाली ईसीएचएल. एनएचएलचा ड्राफ्ट, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने मुलं निवडणं, सात फेऱ्यांचा, एकूण २२४ मुलं, बहुतेक अठरा वर्षांची. त्यांतली एखाददुसरी थेट वर खेळतात. बाकीची कॅनडाच्या ज्युनिअर लीगमध्ये, अमेरिकन विद्यापीठांत किंवा युरोपातल्या आपल्या क्लबकडे परततात आणि मग कधीतरी एएचएलमध्ये येतात. एनएचएलमधल्या दर दहा खेळाडूंपैकी जवळजवळ नऊ जण आपल्याकडून गेले, असं एएचएल अभिमानाने सांगते. शिकाऊंना जागा मिळावी म्हणून तिथे नियमही आहे. गोलरक्षक सोडून मैदानात उतरणाऱ्या अठरांपैकी तेरा जण कमी अनुभवाचे असलेच पाहिजेत. त्यांपैकी बारांचे व्यावसायिक सामने २६० च्या आत आणि तेराव्याचे ३२० च्या आत. हा नियम मला आवडतो. त्यामुळे तिशीतल्या अनेक चांगल्या खेळाडूंची गच्छंती होते हेही खरं, आणि पोरांना शिकवणारे तेच असतात. तो हिशेब वेगळा कधीतरी मांडायला हवा.

आता आढीकडे येतो. डेट्रॉइट रेड विंग्जचा महाव्यवस्थापक केन हॉलंड याच्या काळात त्या क्लबचं एक तत्त्व प्रसिद्ध झालं होतं: खेळाडू नुसता पिकून चालणार नाही, जास्त पिकला पाहिजे. मग तो वर. आपल्याकडे आंबा आढीत घालतात, रोज गवत बाजूला करून अंगठ्याने दाबून बघतात, घाई झालेला दोन दिवस आधीच काढतो आणि मग साखर घालून खातो. डेट्रॉइटने घाई केली नाही. त्यांची फार्म टीम मिशिगनमध्येच, ग्रँड रॅपिड्सला. २०१३ मध्ये त्या संघाने एएचएलचा कॅल्डर कप जिंकला, आणि प्लेऑफमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला टोमास तातार, २००९ च्या ड्राफ्टमधला साठावा. त्याच्याबरोबरचा गुस्ताव नायक्विस्ट हा २००८ च्या चौथ्या फेरीतला. दोघेही पुढे एनएचएलमध्ये टिकले, रुळले.

याच्या अगदी उलटं उदाहरण एडमंटनचं. २०१०, २०११ आणि २०१२, ओळीने तीन वर्षं ड्राफ्टमधला पहिला मुलगा त्यांच्या वाट्याला आला. तिसरा होता नेल याकुपोव. लॉकआउटमुळे आखूड झालेल्या २०१२-१३ च्या हंगामात तो थेट एनएचएलमध्ये उतरला आणि ४८ सामन्यांत १७ गोल केले. सगळे खूश. पुढच्या हंगामात ६३ सामन्यांत ११ गोल. चार हंगामांत त्याला चार प्रशिक्षक झाले, प्रत्येकाने वेगळं सांगितलं. २०१८ मध्ये तो रशियाला परत गेला. कार्बाइडने पिकवलेल्या आंब्यासारखं, वरून पिवळं आणि कोयीपाशी कच्चं, असं त्या वेळी मी मित्रांना ऐटीत सांगत असे. आज तेवढ्या ऐटीत सांगणार नाही. याकुपोव आढीत ठेवला असता तर पिकलाच असता याचा पुरावा माझ्याकडे नाही, कोणाहीकडे नसतो. पण बचाव म्हणजे काय हे त्याला शिकायचं होतं, आणि तो शिकत होता अशा संघात ज्याला स्वतःलाच बचाव येत नव्हता. २००६ नंतर दहा हंगाम तो संघ प्लेऑफला पोचला नव्हता. हरणाऱ्या संघाला प्रेक्षकांना विकायला काहीतरी लागतं, आणि अठरा वर्षांचा चेहरा चांगला विकला जातो.

त्याच एडमंटनने एकदा बरोबर केलं, तेही चूक दुरुस्त करून. २०१४ च्या ड्राफ्टमधला तिसरा, जर्मनीचा लिऑन ड्रायसाइटल. त्यालाही थेट वर घेतलं. ३७ सामने, दोन गोल. मग अर्ध्या हंगामातच ज्युनिअरला परत पाठवलं. तिथे तो केलोना रॉकेट्सकडून खेळला; संघ मेमोरियल कपच्या, म्हणजे कॅनडाच्या ज्युनिअर अजिंक्यपदाच्या, अंतिम सामन्यात हरला, तरी स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू हाच. पुढच्या हंगामाची सुरुवात कॅलिफोर्नियात, बेकर्सफील्डच्या फार्म टीममध्ये. सहा सामने खेळला आणि वर बोलावला गेला. त्या हंगामात ७२ सामन्यांत ५१ गुण (गोल आणि गोलला कारण ठरलेले पास मिळून), आणि २०२० मध्ये हार्ट ट्रॉफी, म्हणजे लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू. खाली पाठवलं म्हणजे अपमान, असं समजणाऱ्या आईबापांना आणि एजंटांना मी हे ३७ आणि ६ असे दोन आकडे लिहून देईन.

एवढं लिहिल्यावर धीराचा जयजयकार करून थांबणं सोपं होतं. पण मग डेट्रॉइटचं पुढे काय झालं तेही लपवावं लागेल. ओळीने २५ हंगाम प्लेऑफ खेळलेला तो संघ २०१७ पासून बाहेर गेला आणि वर्षानुवर्षं बाहेरच राहिला. तत्त्व तेच होतं. ग्रँड रॅपिड्सला कप जिंकून देणारा प्रशिक्षक जेफ ब्लॅशिल २०१५ मध्ये वर आणला, तोही कामी आला नाही. म्हणजे आढी नीट लागली होती, आंबेच कमी पडायला लागले. पंचवीस वर्षं जिंकत राहिल्यावर ड्राफ्टमध्ये तुमचा नंबर नेहमी शेवटी लागतो. शिवाय धीर धरणं डेट्रॉइटला स्वस्त पडत होतं. वर लिडस्ट्रॉम, झेटरबर्ग, दात्सुक खेळत असताना खालच्या पोराला दोन वर्षं थांबवायला काय बिघडतं? घरात पोती भरलेली असली की नव्या पिकाची वाट शांतपणे बघता येते.

आणि नायक्विस्टची गोष्ट तर मुळात धीराची नव्हतीच. २०१३ च्या वसंतात प्लेऑफमध्ये अॅनाहाइमविरुद्ध जादा वेळेत गोल करून त्याने डेट्रॉइटला सामना जिंकून दिला होता. तरी त्या शरदात हंगाम सुरू झाला तेव्हा तो पुन्हा ग्रँड रॅपिड्सला. कारण वरच्या यादीत आणि पगाराच्या कमाल मर्यादेत जागा नव्हती, आणि त्याला खाली पाठवायला कोणाची परवानगी लागत नव्हती. नोव्हेंबरात वर आणला तर ५७ सामन्यांत २८ गोल. हा आंबा कधीच पिकला होता, पेटीत जागा नव्हती म्हणून आढीत राहिला.

ही ‘परवानगी’ काय भानगड आहे ते जरा सांगायला हवं, कारण सगळी मेख तिथेच आहे. काही वर्षं किंवा काही सामने झालेल्या खेळाडूला एनएचएल क्लबने खाली पाठवायचं ठरवलं तर त्याला आधी ‘वेव्हर’वर ठेवावं लागतं. म्हणजे बाकीच्या ३१ क्लबांपैकी कोणीही त्याला फुकटात उचलू शकतो. अठराव्या वर्षी करार केलेल्या मुलाला यातून सूट असते, पाच वर्षं किंवा १६० सामने, जे आधी होईल ते. आता ऑक्टोबरात दोघांतून एकाला खाली पाठवायचं आहे. एक तिशीतला चौथ्या फळीचा खेळाडू, दुसरा एकवीस वर्षांचा, त्याच्याहून सरस. पहिल्याला पाठवलं तर दुसरा क्लब उचलून नेणार. साहजिकच एकवीसवाला जातो. पत्रकार परिषदेत सांगतात की त्याच्या खेळात अजून काही गोष्टींवर काम करायचं आहे. अशी वाक्यं मी इतकी ऐकली आहेत की मला ती पाठ आहेत.

वयाचा नियम याहून विचित्र. कॅनडाच्या ज्युनिअर लीगमधून निवडलेला मुलगा वीस वर्षांचा होईपर्यंत एएचएलमध्ये खेळू शकत नाही, एनएचएल तरी नाहीतर परत ज्युनिअर, असा करार वर्षानुवर्षं चालत आला. युरोपातून निवडलेल्याला मात्र ही आडकाठी नाही. मार्लीजच्या वरच्या, टोरोंटोच्या एनएचएल क्लबनेच याचं उत्तम प्रात्यक्षिक दाखवलं. २०१४ मध्ये स्वीडनमधून निवडलेला विल्यम नायलँडर अठराव्या वर्षी जानेवारीत मार्लीजमध्ये आला, मोठ्या माणसांत खेळला, ३७ सामन्यांत ३२ गुण केले. पुढच्या वर्षी निवडलेला मिच मार्नर ओंटारिओचाच, लंडन नाइट्सचा. त्याला कोलिझियमची पायरी बंद. तो ओंटारिओतल्या त्या लंडनला परतला आणि ५७ सामन्यांत ११६ गुण करून मेमोरियल कप घेऊन आला. एकच क्लब, एकाच तोलाची दोन पोरं, आणि रस्ता ठरवला ती कुठल्या लीगमधून निवडली गेली यावरून.

इथे कोणी म्हणेल, मार्नरचं काय वाईट झालं? काही नाही. पुढच्याच हंगामात तो वर आला आणि चमकला. मी उलट म्हणेन की तो माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे. लंडनमध्ये तो पहिल्या फळीत, पॉवर प्लेवर, शेवटच्या मिनिटाला, सगळीकडे बर्फावर होता. पायरी खालची पण मिनिटं भरपूर. तोच करार ज्याला आता ज्युनिअर लीग पोरखेळ वाटते अशा एकोणीस वर्षांच्या मुलाला मात्र आणखी एक वर्ष तिथे डांबून ठेवतो. कारण उघड आहे: तारे गेले तर मूस जॉ किंवा केलोनाच्या रिंकमध्ये तिकिटं कोण काढणार? त्या गावांची अडचण मला समजते, खोटी नाही. पण तिला पोराच्या हिताचं नाव देऊ नये. सुदैवाने भिंतीला तडे जातायत. २०२५ च्या नव्या कामगार करारात एनएचएलने हा नियम एकोणीस वर्षांच्या मुलांपुरता सैल करण्याच्या दिशेने पाऊल टाकलं. त्याच वर्षी ऑगस्टपासून अमेरिकन विद्यापीठांनी ज्युनिअर खेळलेल्या मुलांना आपली दारं उघडली, आणि युकॉनमधल्या व्हाइटहॉर्सचा गॅव्हिन मकेना मेडिसिन हॅटचा ज्युनिअर संघ सोडून पेन स्टेट विद्यापीठात गेला. विद्यापीठात सामने जेमतेम निम्मे, सराव आणि व्यायाम भरपूर. कोणाला कोणतं मानवेल हे आता पोरगा आणि त्याचे आईबाप ठरवतील. ते चुकतीलही. पण ती त्यांची चूक असेल.

गोलरक्षकांचं गणित आणखी कडक, कारण बर्फावर जागा एकच. पुढच्या फळीतल्या पोराला सात मिनिटं तरी मिळतात, राखीव गोलरक्षकाला शून्य. जॉर्डन बिनिंग्टनला सेंट लुईस ब्लूजने २०११ मध्ये निवडलं, अठ्ठ्याऐंशीवा. मग ईसीएचएलमध्ये कॅलामाझू, एएचएलमध्ये शिकागो. २०१७ मध्ये तर ब्लूजकडे स्वतःची फार्म टीमच उरली नाही, आणि त्याला उसना म्हणून प्रॉव्हिडन्सला पाठवलं. प्रॉव्हिडन्स ही बॉस्टन ब्रुइन्सची फार्म टीम. म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या घरी, प्रतिस्पर्ध्याच्या प्रशिक्षकांच्या हाताखाली, त्यांच्या पोरांसमोर उभा राहून तो वर्षभर खेळला. पुढच्या हंगामात सॅन अँटोनिओ. जानेवारी २०१९ च्या सुरुवातीला ब्लूज अख्ख्या लीगमध्ये तळाला होते. ७ जानेवारीला पंचविशीतल्या बिनिंग्टनला पहिल्यांदा सुरुवातीपासून उभं केलं, फिलाडेल्फियाला त्याने एकही गोल करू दिला नाही. १२ जूनला स्टॅन्ली कपच्या, म्हणजे एनएचएलच्या अजिंक्यपदाच्या, अंतिम फेरीचा सातवा सामना, बॉस्टनमध्ये, बॉस्टनविरुद्ध. ४-१, कप ब्लूजचा.

ही कथा सगळे ‘जिद्दीची कथा’ म्हणून सांगतात. जिद्द होतीच. पण क्लबने त्याला घडवलं असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. तो त्यांच्या यादीत मागे पडलेला खेळाडू होता, तळाला गेल्यावर नाइलाज म्हणून बोलावलेला. त्याला घडवलं ते कॅलामाझूपासूनच्या शेकडो सामन्यांनी. आणि त्याच्यासारखेच सामने खेळून ज्यांना तो जानेवारी कधी लाभला नाही, असे किती गोलरक्षक आज कुठे नोकरी करत असतील, त्यांच्यावर कोणी लेख लिहीत नाही.

मनापासून घडवलं असं ज्यांच्याबद्दल म्हणता येईल ते टँपा बे. त्यांची फार्म टीम २०१२ मध्ये नॉरफोकला होती, प्रशिक्षक जॉन कूपर, वकिली सोडून हॉकीत आलेला. त्या संघाने ओळीने २८ सामने जिंकले आणि कॅल्डर कपही. त्यात टायलर जॉन्सन, पाच फूट आठ इंच, ड्राफ्टमध्ये कोणीच न घेतलेला. आणि ओंद्रेय पालात, २०८ वा. २०१३ च्या मार्चमध्ये टँपाने कूपरलाच वर बोलावलं आणि पोरं त्याच्या मागोमाग गेली. प्रशिक्षक तोच, भाषा तीच, खेळायची पद्धत तीच. याकुपोवच्या चार प्रशिक्षकांशेजारी हे ठेवून बघा. ईसीएचएलमध्ये खेळून आलेला यानी गूर्डही याच क्लबमध्ये वर आला. २०२० आणि २०२१ चे दोन्ही स्टॅन्ली कप जिंकणाऱ्या संघांत जॉन्सन, पालात आणि गूर्ड हे तिघेही होते. वरचा क्लब आणि फार्म टीम यांच्यातलं अंतरही महत्त्वाचं ठरतं. एकेकाळी लॉस एंजेलिसची फार्म टीम न्यू हॅम्पशायरमध्ये होती, खंडाच्या दुसऱ्या टोकाला. २०१५ मध्ये पाच क्लबांनी आपापले एएचएल संघ कॅलिफोर्नियात हलवले, तेव्हा कुठे वरच्या मंडळींना खालचा सराव डोळ्यांनी बघता यायला लागला.

एक गोष्ट टाळावी असं वाटत होतं, पण ती टाळून हा विषय प्रामाणिकपणे लिहिता येणार नाही. वर जायचं की नाही हे ज्याच्या शब्दावर ठरतं, त्याच्यापुढे विशीतला पोरगा किती दुबळा असतो, हे २०१० मध्ये शिकागोत दिसलं. प्लेऑफसाठी राखीव म्हणून बोलावलेल्या वीस वर्षांच्या खेळाडूने क्लबच्या व्हिडिओ प्रशिक्षकाने आपल्यावर लैंगिक अत्याचार केल्याची तक्रार केली. ती मे महिन्यातच वरिष्ठांच्या कानावर गेली होती. स्टॅन्ली कप जिंकून होईपर्यंत कोणी काही केलं नाही. स्वतंत्र चौकशीचा अहवाल आला ऑक्टोबर २०२१ मध्ये, अकरा वर्षांनी. लीगने क्लबला वीस लाख डॉलर दंड केला. तो मुलगा पहिल्या फेरीतला होता. एनएचएलमध्ये तो एकही सामना खेळला नाही. ‘वर बोलावणं’ या दोन शब्दांत केवढी सत्ता असते आणि तिच्यावर किती कमी देखरेख असते, हे त्या अहवालात पानोपानी आहे.

म्हणून पारदर्शकतेचा आग्रह. परत कोलिझियमकडे येतो. त्या दिवशी मी विजेच्या बिलाच्या पाकिटावर पेन्सिलीने त्या बचावपटूच्या शिफ्ट, म्हणजे बर्फावरच्या पाळ्या, मोजत होतो. सव्वीस भरल्या, म्हणजे साधारण वीस मिनिटं. पेन्सिल घ्यावी लागली, कारण मी आजवर पाहिलेल्या कोणत्याही एएचएल गुणपत्रकात खेळाडू किती वेळ बर्फावर होता हे छापलेलं नसतं. गोल, पास, दंडाची मिनिटं, प्रेक्षकसंख्या, पंचांची नावं, सगळं असतं. वरच्या लीगमध्ये प्रत्येकाची मिनिटं आणि सेकंद सामना चालू असतानाच पडद्यावर दिसतात. क्लबकडे हा हिशेब असतो, तो पोराच्या बापाला, पत्रकाराला आणि माझ्यासारख्या रविवारच्या प्रेक्षकाला दिसत नाही. ‘आम्ही त्याला घडवतोय’ असं म्हणणाऱ्याने गेल्या महिन्यात त्याला किती मिनिटं दिली, हे विचारायची सोय नको का?

एएचएलने प्रत्येक सामन्याच्या गुणपत्रकात एक रकाना वाढवावा आणि त्यात प्रत्येक खेळाडूचा बर्फावरचा वेळ छापावा.